डोळ्यामागच्या गाठीपर्यंत पोहोचताना

कुत्र्याचा किंवा मांजराचा एक डोळा पुढे येऊ लागला की घरच्यांचं लक्ष डोळ्याकडेच असतं. पशुवैद्य मात्र त्याचं तोंडही उघडून बघतात, आणि ते बरोबरच आहे. माणसाच्या डोळ्याची खोबण चहूबाजूंनी हाडाची असते. कुत्र्या-मांजरांत तिची बाहेरची कड एका चिवट अस्थिबंधानं पुरी होते आणि तळाशी बहुतेक स्नायूच असतात. त्याच्या खालीच वरच्या जबड्याच्या मागच्या दाढा! दाढेच्या मुळाशी झालेला पू त्यामुळे डोळ्यामागे चढू शकतो. तोंड उघडताना खालच्या जबड्याचं एक टोक पुढे सरकून या मऊ भागावर दाबतं. तिथे गळू असेल तर जनावर कळवळतं. न दुखता हळूहळू पुढे आलेल्या डोळ्यामागे मात्र गाठीचा संशय येतो, आणि कुत्र्यांत अशा गाठी बहुधा कर्करोगाच्या निघतात.

डोळा कुठे सरकलाय, हेही बोलकं असतं. सरळ पुढे आला असेल तर गाठ बहुधा डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या घेऱ्यात असते; तिरका ढकलला गेला असेल तर घेऱ्याबाहेर, विरुद्ध बाजूला. पुढे सोनोग्राफीत बघत सुईनं पेशी घेतात. सीटी स्कॅनमध्ये झिजलेलं हाड दिसतं, तर एमआरआयमध्ये दृष्टीची नस आणि मेंदूकडे झालेला पसारा.

गळू असेल तर शेवटच्या दाढेमागे तोंडातूनच चीर देऊन पू काढता येतो. खोल गाठीसाठी गालाच्या हाडाची कमान कापून बाजूला करावी लागते. नंतर ती तारेनं जिथल्या तिथे बसावी म्हणून भोकं कापण्याआधीच पाडून ठेवलेली बरी.

प्राणी बदलला की धोकाही बदलतो. मांजराची दृष्टीची नस आखूड असते. डोळा काढताना ती ताणली गेली तर दुसऱ्या, धडधाकट डोळ्याचीही दृष्टी जाऊ शकते. सशाच्या खोबणीत रक्तानं भरलेली मोठी शिरापोकळी असते. तिला धक्का लागला तर रक्तस्राव आवरणं कठीण. डोळ्यावर ताण आला की हृदयाचे ठोके एकाएकी मंदावू शकतात, म्हणून भूल देणाऱ्याला शस्त्रक्रियेची योजना आधीच माहीत हवी.

डोळा वाचवायचा की गाठीसोबत काढायचा, हे मालकाशी भूल देण्याआधीच बोलायला हवं. गाठ हाडात शिरली असेल तर डोळ्याबरोबर खोबणीचं हाडही काढावं लागतं.