ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप आहे, असं नाही

मार्केट यार्डाजवळच्या एका प्लंबिंग सामानाच्या दुकानात येणेबाकीची यादी एक्सेलमध्ये असायची. फाइल गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात, त्यामुळे काउंटरवरचा कॉम्प्युटर, गोदामातला लॅपटॉप आणि मालकांचा मोबाइल, तिन्हीकडे एकच यादी. "आपला डेटा तीन ठिकाणी आहे," असं मालक सांगायचे. एके दिवशी हिशेबनिसांनी रकमा चढत्या क्रमाने लावताना फक्त रकमेचाच कॉलम निवडला. बाकीचे कॉलम सोबत घ्यायचे का, हे एक्सेलने विचारलंही होतं. त्यांनी घाईत नको म्हटलं. नावं जागेवर राहिली, आकडे हलले, फाइल सेव्ह झाली आणि लगेच तिन्हीकडे पोचली. कळलं दीड महिन्याने, एका मिस्त्रीने फोनवर आवाज चढवला तेव्हा. "अहो, माझी बाकी साडेबारा हजार. तुम्ही चाळीस कुठून काढलेत?"

ड्राइव्हने आपलं काम चोख केलं होतं. ते काम म्हणजे सिंक: इथे जे आहे तेच तिथे दिसलं पाहिजे, बदलासकट, खोडण्यासकट. बॅकअप म्हणजे अमुक दिवशी डेटा कसा होता त्याची वेगळी ठेवलेली प्रत, जिला नंतरच्या बदलांचा वारा लागत नाही. बिलबुकातली स्थळप्रत आठवा. गिऱ्हाइकाने वरचा कागद फाडला, त्यावर खाडाखोड केली, तरी खालची प्रत तशीच राहते.

सिंक वाईट नाही. लॅपटॉप चोरीला गेला, हार्ड डिस्क बसली, तर सिंकच वाचवतं, आणि बॅकअपपेक्षा लवकर वाचवतं. पण छोट्या धंद्यात मशीन जाण्यापेक्षा माणूस चुकण्याचे प्रसंग जास्त, निदान मी पाहिले ते तरी तसेच. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं, म्हणजे रॅन्समवेअरचंही तेच. कुलूपबंद झालेली फाइल ही सिंकच्या लेखी फक्त एक नवी आवृत्ती, तीही इमानाने वर जाते.

"पण ड्राइव्हमध्ये जुनी आवृत्ती सापडते की!" सापडते, मुदतीत. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. चढवलेल्या एक्सेल फाइलच्या जुन्या आवृत्त्याही साधारण तेवढेच दिवस टिकतात. आपल्या मिस्त्रीचा फोन दीड महिन्याने आला.

गोंधळाला कंपन्याही हातभार लावतात. गूगल फोटोजमध्ये बटणाला 'बॅकअप' म्हणतात, पण त्याच ॲपमधून फोटो डिलीट केला की तो क्लाउडवरूनही जातो. ६० दिवस ट्रॅशमध्ये, मग गायब. बिलांचे आणि चलनांचे फोटो मोबाइलमध्ये साठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली, त्याच्या बाबतीत आणखी एक भानगड. काहीजण टॅलीचं चालू डेटा फोल्डरच ड्राइव्हच्या फोल्डरात ठेवतात. टॅलीचा डेटा अनेक फाइलींत विभागलेला असतो. एंट्री चालू असताना त्यातल्या काही वर गेल्या आणि काही राहिल्या, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर अर्धाकच्चा संच उतरतो आणि कंपनी (टॅलीत एका धंद्याच्या हिशेबाला कंपनी म्हणतात) उघडताना एरर येते. त्यापेक्षा टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या मेन्यूतून बॅकअप काढा, आणि ती बॅकअप फाइल खुशाल ड्राइव्हवर टाका. फक्त दर वेळी तारखेचं नवं फोल्डर करा. रोज त्याच जागी काढलेला बॅकअप कालचा पुसून टाकू शकतो.

मोठे यातून सुटलेत असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत दोन डेटाबेस एकसारखे ठेवण्याची यंत्रणा अडकली. ती दुरुस्त करताना एका इंजिनिअरने चुकून चालू सर्व्हरवरचाच डेटा उडवला. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप कधीपासून निघतच नव्हता, जिथे तो साठायचा ती जागा रिकामी. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कुणी काढलेली प्रत हाती लागली म्हणून बाकीचं वाचलं.

कायद्यालाही प्रती हव्याच आहेत. जीएसटीच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो.

आता त्या दुकानात दोन पेनड्राइव्ह आहेत, लाल आणि निळा. एका शनिवारी लाल घरी जातो, पुढच्या शनिवारी निळा, आणि काम झालं की कॉम्प्युटरमधून काढायचाच, कारण लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हलाही रॅन्समवेअर सोडत नाही. महिन्यातून एकदा त्यातला डेटा मालकांच्या मुलाच्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून पाहतात. टॅलीत चालू कंपनीच्या जागी रिस्टोअर केलं तर आजच्या एंट्र्यांवर जुना डेटा बसतो, म्हणून वेगळ्या मशीनवर. पहिल्याच वेळी निळा पेनड्राइव्ह उघडला, तर शेवटचं बिल तीन आठवड्यांपूर्वीचं निघालं. पेनड्राइव्ह नेमाने घरी जात होता, बॅकअप काढायचं तेवढं राहून गेलं होतं.