कंडेन्सर माइक घ्यायचाय? आधी खोली ऐका

घरी रेकॉर्डिंग करणारे आमच्याकडे येतात ते बहुतेक एकच तक्रार घेऊन: "मागे सूं असा आवाज येतो, चांगला प्रीॲम्प सुचवा." प्रीॲम्प (माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारं यंत्र) आम्ही विकतोच, तेव्हा एखादा काढून समोर ठेवणं आम्हाला सोपं आहे. पण पुष्कळदा दोष प्रीॲम्पचा नसतो आणि नवीन खोकं घरी नेल्यावरही सूं तशीच राहते. मग ते खोकं परत येतं आणि चिडलेलं गिऱ्हाईकही. हे पत्रक त्यासाठी.

रजईची चाचणी

काहीही विकत घेण्याआधी एवढं करून बघा. माइक नेहमीच्या जागी लावा, गेन (सिग्नल किती वाढवायचा त्याचं बटण) गाताना ठेवता तेवढाच ठेवा आणि कुणी न बोलता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग तोच माइक दोन-तीन जाड रजयांत गुंडाळा, किंवा कपड्यांनी गच्च भरलेल्या कपाटात ठेवा. गेनला हात न लावता आणखी अर्धा मिनिट. आता दोन्ही तुकडे हेडफोनवर एकामागोमाग ऐका.

दुसऱ्या तुकड्यात सूं कमी झाली, तर ती खोलीतून येत होती: पंखा, कॉम्प्युटरचा फॅन, खिडकीबाहेरचा रस्ता. जशीच्या तशी राहिली, तर ती माइकमधून किंवा प्रीॲम्पमधून येते. जाडसर घूं मात्र रजईला दाद देत नाही. ती फ्रिजची आहे की विजेची, हे फ्रिज बंद करून पाहा. तरीही राहिली तर केबल आणि अर्थिंगकडे वळा.

माइकच्या कागदावरचे आकडे

कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलमध्ये काही मायक्रॉन जाडीचा, बहुधा सोन्याचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पडदा असतो. मागे धातूची पट्टी. दोघं मिळून कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारी जोडी. आवाजाने पडदा हलला की कपॅसिटन्स (ती साठवण्याची क्षमता) बदलतो आणि त्यातून सिग्नल मिळतो. पडदा इतका हलका असल्यामुळे बारीकसारीक काही सुटत नाही: गिटारच्या तारेवर बोट घसरलेलं, ओठ उघडतानाची टिक, आणि शेजारच्या खोलीतला मिक्सरसुद्धा.

माइकची स्वतःचीही थोडी सूं असते. कागदावर ती 'सेल्फ नॉइज' म्हणून दिलेली असते. नवशिक्यांसाठीच्या साध्या माइकमध्ये ती 20 डेसिबलपर्यंत असते, अगदी शांत माइकमध्ये 5 च्या आसपास. फरक मोठा दिसतो. पण घरातली शांत वाटणारी खोली 30 डेसिबलची धरली, तर 20 वाला माइक लावल्यावर एकूण गोंगाट 30.4 होतो आणि 5 वाला लावल्यावर 30. अर्धा डेसिबलही वाचला नाही! खोली खरोखर शांत असेल आणि तुम्ही हळू आवाजातलं वाद्य किंवा पुटपुटल्यासारखं निवेदन रेकॉर्ड करणार असाल, तर मात्र हा आकडा बघून पैसे खर्च करा. तिथे तो ऐकू येतो.

फुकटातला उपाय अंतराचा. माइक 40 सेंटीमीटरवरून 20 वर आणलात, तर तुमचा आवाज सुमारे 6 डेसिबलनं वाढतो आणि खोलीचा गोंगाट आहे तिथेच राहतो. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) माइकच्या जवळ गेलं की खर्ज फुगतो, आणि 'प', 'फ', 'भ' ला हवेचा धक्का बसतो. म्हणून पॉप फिल्टर (तोंड आणि माइकमधली जाळी) लावा आणि माइकवरचा लो-कट (खालचा खर्ज कापणारा स्विच) चालू करा. गाताना हाताची वीत पसरून जेवढं अंतर होतं, तेवढं आम्ही सुरुवातीला धरायला सांगतो.

मोठ्या पडद्याचा घ्यायचा की लहान? मोठा म्हणजे साधारण 1 इंचाचा. तो गाण्याला आणि निवेदनाला भरीव वाटतो. लहान पडद्याचा माइक बाजूने येणारा आवाजही फारसा न बदलता टिपतो, त्यामुळे गिटार, व्हायोलिन किंवा दोन माइकचं स्टिरिओ करायचं तर आमचं मत लहान पडद्याच्या जोडीला. एकच माइक परवडणार असेल आणि मुख्यतः गाणंच करायचं असेल तर मोठा, कार्डिऑइड. चार-पाच पॅटर्न (कुठल्या दिशेचा आवाज घ्यायचा ते) बदलणाऱ्या माइकचा मोह घरगुती खोलीत आवरता घ्यावा. ओम्नीवर, म्हणजे सगळ्या बाजूंनी ऐकणाऱ्या पॅटर्नवर, टाकलात की मागची भिंतही गाऊ लागते.

मग प्रीॲम्प कुणाला लागतो?

इथे थोडा हिशोब करू. माइकचा सिग्नल किती जोरकस आहे ते मिलिव्होल्ट प्रति पास्कलमध्ये लिहितात. बऱ्याच मोठ्या पडद्याच्या कंडेन्सरमध्ये हा आकडा 15 ते 25 असतो. उलट काही मंद डायनॅमिक माइक (पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेले) जेमतेम 1 च्या थोडे वर असतात. आजच्या साध्या ऑडिओ इंटरफेसमधल्या (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या खोक्यातल्या) प्रीॲम्पची सूं −128 डीबीयूच्या (विजेच्या सिग्नलचं माप) आसपास धरा. 25 वाल्या कंडेन्सरपुढे ती ढोबळमानाने −4 डेसिबल आवाजाइतकी भरते, म्हणजे माइकच्या स्वतःच्या सूंच्याही खाली गाडली जाते. 1.1 वाल्या डायनॅमिकपुढे तीच 23 डेसिबलवर येते.

म्हणजे कंडेन्सर वापरणाऱ्याची सूं महागड्या प्रीॲम्पने सहसा जात नाही. डायनॅमिक किंवा रिबन (पडद्याऐवजी धातूची पातळ फीत असलेला माइक) वापरणाऱ्याला मात्र कमी सूं असलेला, 60 डेसिबल किंवा त्याहून जास्त गेन देणारा प्रीॲम्प खरोखर उपयोगी पडतो.

ट्रान्सफॉर्मर किंवा व्हॉल्व्हवाला (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) प्रीॲम्प आवाजाला रंग देतो. तो रंग आवडत असेल तर जरूर घ्या. आवड म्हणून घ्या, इलाज म्हणून नको. आणि घेतलात तर त्याची वायर इंटरफेसच्या लाइन इनपुटला लावा. बऱ्याच इंटरफेसवर एकाच खाचेत एक्सएलआर (माइकच्या केबलचं तीन पिनांचं टोक) आणि जाड जॅक दोन्ही बसतात: एक्सएलआर लावलं की सिग्नल पुन्हा आतल्या प्रीॲम्पमधून जातो, आवाज फाटतो, आणि दोष नव्या खोक्यावर येतो.

गेन किती ठेवायचा? 24 बिटवर रेकॉर्ड करत असाल तर सगळ्यात जोरात गायलेली ओळ मीटरवर −12 डेसिबलच्या आसपास पोचू द्या. लाल दिव्याला शिवण्याची गरज नाही. आणि तालीम करताना माणूस हातचं राखून गातो. खरा टेक सुरू झाला की तोच आवाज बराच वर जातो.

48 व्होल्टबद्दल

कंडेन्सरला माइकच्या केबलमधूनच वीज द्यावी लागते, तिला फँटम पॉवर म्हणतात. 48 हा आकडा 1966 मधला: नॉर्वेच्या रेडिओला न्यूमन या जर्मन कंपनीचे ट्रान्झिस्टरवाले माइक हवे होते आणि त्यांच्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी 48 व्होल्टचा पुरवठा आधीपासून होता. तोच पुढे रूढ झाला. व्हॉल्व्ह माइकला स्वतःचं पॉवर सप्लायचं खोकं असतं, त्याला फँटम लागत नाही.

स्पीकर म्यूट करा, केबल जोडा, मग 48 व्होल्टचं बटण दाबा. काढताना आधी बटण बंद, थोडं थांबा, मग केबल. जुन्या रिबन माइकसमोर हे बटण चुकूनही चालू राहू देऊ नका. केबलमध्ये दोष असेल तर त्याची रिबन ताणली जाऊ शकते.

ओल हा कंडेन्सरचा खरा शत्रू. कॅप्सूलवर दमटपणा बसला की माइक तडतडतो. काम झालं की डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. स्टँडवर दिवसेंदिवस राहणार असेल तर निदान वर कापडी पिशवी घाला.

आमच्याकडे येताना रजईच्या चाचणीचे दोन्ही तुकडे आणि गाण्याच्या दोन ओळी पेन ड्राइव्हवर आणा. ईक्यू, कॉम्प्रेसर, नॉइज रिमूव्हल काहीही न लावता. माइक कुठे उभा होता आणि गेनचं बटण कुठवर फिरवलं होतं, त्याचा फोनवर एक फोटोही काढून आणा.