वनरक्षक (महाराष्ट्र)

महाराष्ट्र वन विभागातल्या गणवेशधारी पदांच्या उतरंडीची पहिली पायरी. जंगलाचा एक ठरावीक तुकडा राखणे आणि त्या तुकड्यात वन व वन्यजीव कायदे प्रत्यक्ष बजावणे हे वनरक्षकाचे काम. या तुकड्याला कागदोपत्री ‘नियतक्षेत्र’ आणि बोलण्यात ‘बीट’ म्हणतात; म्हणून वनरक्षक म्हणजे ‘बीट गार्ड’, नुसता ‘गार्ड’, आणि खेड्यापाड्यांत सरसकट ‘फॉरेस्टवाला’. काही बीट मिळून एक परिमंडळ (राउंड) होते व ते वनपालाकडे असते. परिमंडळे मिळून वनपरिक्षेत्र (रेंज) होते व ते वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, म्हणजे रेंजरकडे असते. त्यावर सहाय्यक वनसंरक्षक, विभागाचा उपवनसंरक्षक आणि काही विभाग मिळून होणाऱ्या वनवृत्ताचा प्रमुख अशी चढण नागपूरच्या वनभवनापर्यंत, म्हणजे मुख्यालयापर्यंत जाते.

वन्यजीव गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पोलीस दल महाराष्ट्रात नाही. ‘मला वाइल्डलाइफमध्ये जायचंय, फॉर्म कधी सुटतो?’ असे विचारणाऱ्याला म्हणूनच वनरक्षक भरतीची जाहिरात दाखवली जाते. प्रादेशिक विभागात सागवानाची चोरी पकडणारा आणि व्याघ्र प्रकल्पात शिकाऱ्याच्या मागावर जाणारा हे दोघेही एकाच संवर्गातले असतात आणि बदलीने एकीकडून दुसरीकडे जातात. व्याघ्र प्रकल्पांतले विशेष व्याघ्र संरक्षण दल ही त्यातल्या त्यात वेगळी तुकडी. पण तीही वन विभागाचीच.

या क्षेत्रात शिरण्याचे आणखी दोन दरवाजे आहेत. वनक्षेत्रपाल म्हणजेच रेंजर (गट ब) आणि सहाय्यक वनसंरक्षक (गट अ) ही पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षेतून भरली जातात. तिला विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी अशा शाखांची पदवी लागते आणि २०२३ पासून तिची पूर्वपरीक्षा राज्यसेवेबरोबर एकत्र होते. भारतीय वनसेवा ही केंद्राची परीक्षा. संख्येने मात्र वनरक्षकाचा दरवाजा सर्वांत रुंद आहे. २०२३ च्या जाहिरातीत या एकाच पदाच्या २१३८ जागा होत्या.

अर्ज आणि पात्रता

हे पद गट क मध्ये मोडते आणि त्याची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे. शिक्षणाची अट बारावी उत्तीर्ण. पण विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक तरी विषय बारावीला असावा लागतो. कला शाखेच्या मुलांना बहुधा भूगोल किंवा अर्थशास्त्र तारून नेतो, आणि गुणपत्रिकेत हे दोन्ही नसल्याचे कित्येकांच्या लक्षात फॉर्म भरतानाच येते. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना, माजी सैनिकांना, तसेच नक्षलवादी किंवा वनतस्करांच्या हल्ल्यात मरण पावलेल्या वा गंभीर जखमी झालेल्या वन कर्मचाऱ्यांच्या पाल्यांना दहावी पुरते. २०२३ मध्ये वयाची अट १८ ते २७ होती, मागासवर्गीयांसाठी ३२ पर्यंत.

पुरुषांना किमान १६३ सें.मी. उंची लागते. छाती न फुगवता ७९ सें.मी. असावी आणि फुगवल्यावर ५ सें.मी. वाढावी. महिलांसाठी उंची १५० सें.मी. अनुसूचित जमातीसाठी ही मर्यादा अनुक्रमे १५२.५ आणि १४५ सें.मी. इतकी खाली आणली आहे. ही सवलत उपकार म्हणून दिलेली नाही. मेळघाटातला कोरकू किंवा गडचिरोलीतला माडिया तरुण जन्मापासून जे जंगल पायाखाली घालतो, त्याच जंगलाच्या राखणीतून त्याला इंचपट्टीने बाहेर ठेवले तर तोटा विभागाचाच. याच विचाराच्या पुढचे पाऊल म्हणजे पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा लागू असलेल्या भागातल्या जागा. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येणाऱ्या गावांमध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने जी १७ पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांतून भरायची ठरली, त्यांत वनरक्षक आहे. या तरतुदीवरून न्यायालयीन वाद झाला आणि २०२३ च्या भरतीतल्या पेसा जागा दीर्घकाळ रखडल्या.

जागा आणि निवड याद्या वनवृत्तनिहाय असतात. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, यवतमाळ, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, धुळे, पुणे, कोल्हापूर व ठाणे अशी ११ प्रादेशिक वनवृत्ते आहेत. त्यामुळे कोणत्या वृत्तातून फॉर्म टाकायचा हा अभ्यासिकांमधल्या चर्चेचा आवडता विषय असतो. जागा जास्त तिथे गर्दीही जास्त, आणि मग ‘मेरिट कुठे थांबेल’ याचे अंदाज सुरू होतात. महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त यांचे समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच राखीव वाटा, असते. दाखले मुदतीतले नसतील तर निवड कागदपत्र तपासणीच्या टेबलावर अडते.

लेखी, धाव आणि चाल

निवड २०० गुणांची. लेखी परीक्षा १२० गुणांची असून ती आता संगणकावर होते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी यांना प्रत्येकी ३० गुण. किमान ४५ टक्के मिळाले तरच पुढची पायरी. वने, पर्यावरण आणि वन्यजीव हे विषय सामान्य ज्ञानाच्या ३० गुणांत जिल्ह्याच्या भूगोलाशेजारी दाटीवाटीने बसवलेले असतात.

उरलेले ८० गुण धावण्याचे. पुरुषांना ५ कि.मी., महिलांना ३ कि.मी. जितका वेळ कमी तितके गुण जास्त, आणि पुरुषांनी ३० मिनिटे ओलांडली की हाती शून्य. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले हाही फॉर्म भरतात आणि इथे फसतात. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावायचे असते. तो वेग घेऊन ५ कि.मी.ला सुरुवात केली तर तिसऱ्या किलोमीटरला पाय जड होतात. म्हणून जाणते प्रशिक्षक आधी दोन-तीन महिने नुसता दम वाढवून घेतात आणि घड्याळ नंतर काढतात.

यादीत नाव आल्यावर चालण्याची चाचणी होते: पुरुषांना २५ कि.मी., महिलांना १६ कि.मी., दोघांनाही चार तास. तिला गुण नाहीत, ती फक्त पार करायची. खरे तर नोकरीशी सर्वांत जवळचे नाते याच चाचणीचे आहे. गस्तीवर कोणी पळत नाही. सकाळपासून दुपारपर्यंत एकाच चालीने चालावे लागते.

निवड झालेल्यांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी चिखलदरा, पाल (जि. जळगाव), शहापूर किंवा जालना इथल्या वन प्रशिक्षण संस्थांत पाठवतात. अधिकाऱ्यांच्या प्रबोधिनी कुंडल (जि. सांगली) आणि चंद्रपूर इथे आहेत.

अधिकार

वनरक्षकाच्या हातात बहुतेक वेळा काठीच असते, पण कायद्याने त्याला दिलेले बळ मोठे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ५० नुसार गुन्ह्याचा सबळ संशय असेल तर ‘कोणताही वन अधिकारी’ वाहन थांबवू शकतो, झडती घेऊ शकतो, मुद्देमाल जप्त करू शकतो आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकतो. हेच अधिकार पोलिसांत उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जालाच आहेत. म्हणजे या एका कायद्यापुरता बीट गार्ड पोलीस हवालदाराच्या पुढे उभा असतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम ६४ वनगुन्ह्यांत असाच अटकेचा अधिकार देते.

मात्र पकडणे हा कामाचा निम्माच भाग. वनगुन्ह्याची सुरुवात ‘पीओआर’ने, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवालाने होते. त्याच्यामागून घटनास्थळाचा पंचनामा, जप्तीनामा, पंचांच्या सह्या, नमुने सीलबंद करणे आणि आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे. वन्यजीव कायद्याच्या कलम ५० (८) व (९) प्रमाणे सहाय्यक वनसंरक्षक किंवा त्यावरचा अधिकारी जो पुरावा आरोपीच्या समक्ष नोंदवतो, तो खटल्यात ग्राह्य धरता येतो. पण त्या अधिकाऱ्यापुढे येणारा पहिला कागद गार्डने जंगलात, पुष्कळदा रात्री बॅटरीच्या उजेडात, मांडीवर वही ठेवून लिहिलेला असतो. जागेचा कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या भागाचा नोंदीतला क्रमांक) चुकला, फासाच्या तारेची लांबी लिहायची राहिली किंवा पंच नातेवाईक निघाला, की बचावाचा वकील नेमके तेच धरतो. याच कायद्याच्या अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे. ही शिक्षा होणे न होणे त्या वहीवर टेकलेले असते. भरतीत मराठीचे ३० गुण म्हणी, समास आणि वाक्प्रचारांवर खर्च होतात. एखाद्या जागेचे अचूक वर्णन लिहून दाखवा, असे कोणी सांगत नाही. ही उणीव प्रशिक्षणाने भरून निघते ती थोडीच. बाकीचे काम जुन्या वनपालाच्या हाताखाली शिकावे लागते.

कामाचे स्वरूप

रोजची गस्त, पाणवठ्यांची पाहणी, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्या) काढणे, वणवा विझवणे, रोपवनाची देखरेख, गुरे मारली गेली की नुकसानभरपाईसाठी पंचनामा. मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात गावेच्या गावे जंगलात असतात, तेव्हा माणूस आणि वाघ यांच्या मध्ये उभे राहणे हेही त्याचेच काम. शिकारीचे रूप भागागणिक बदलते. विदर्भात शेताच्या कडेने विजेच्या तारेवर आकडा टाकून रानडुकरासाठी प्रवाह सोडतात आणि त्यात वाघ मरतो. इतरत्र मांडूळ, घोरपड, खवले मांजर यांचा व्यापार चालतो, आणि तिथे गस्तीपेक्षा खबऱ्या उपयोगी पडतो. व्याघ्र प्रकल्पांत गस्तीची नोंद आता ‘एम-स्ट्राइप्स’ या मोबाइल ॲपवर होते. गार्ड कुठून कुठे चालला ते नकाशावर उमटते.

जोखीम खरी आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या गाभा क्षेत्रात व्याघ्रगणनेच्या कामावर पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तिच्यासोबत मजूर होते, शस्त्र नव्हते. जमिनीवरची अतिक्रमणे काढताना होणारे जमावाचे हल्ले आणि वाळू-मुरूम चोरांनी अंगावर घातलेली वाहने यांची बातमी त्या मानाने छोटी येते.

वनपालाचे पद मुख्यतः पदोन्नतीने भरले जाते, त्यामुळे वनरक्षक म्हणून लागलेल्याला सेवाज्येष्ठतेप्रमाणे वाट पाहावी लागते. वनक्षेत्रपालाच्या काही जागाही वनपालांतून भरतात, पण तिथवर पोचेपर्यंत निवृत्ती जवळ आलेली असते. घाई असलेले तरुण वनरक्षक बीटवरच्या चौकीत लोकसेवा आयोगाची पुस्तके ठेवतात आणि रजा टाकून परीक्षेला जातात.