न्यूर्बुर्गरिंग म्हणजे नेमका कुठला ट्रॅक?

‘हॅमिल्टनने २०२० साली ग्रीन हेलमध्ये शर्यत जिंकली’, हे वाक्य अजूनही ठिकठिकाणी दिसतं आणि ते साफ चूक आहे. ती फॉर्म्युला वन शर्यत जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगलाच झाली, तिथेच त्याने शूमाकरच्या ९१ विजयांशी बरोबरी केली, पण ज्या ट्रॅकला ग्रीन हेल म्हणतात त्याला त्या दिवशी फॉर्म्युला वन गाडीचं चाकही लागलं नाही. नाव एक, जागा एक, ट्रॅक दोन. चोर्ला घाटात पहाटे बाइक घेऊन जाणाऱ्यांपासून म्हापशात घरी सिम्युलेटर लावून बसणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या बोलण्यात हा घोळ सापडतो.

टीव्हीवर दिसतो तो ग्रां प्री ट्रॅक. तो तुम्हाला माहीत आहे. १९८४ च्या मे महिन्यात तो सुरू झाला आणि उद्घाटनाची मर्सिडीझ १९० ची शर्यत आयर्टन सेनाने जिंकली. तेव्हा लांबी ४.५४२ किमी होती. २००२ मध्ये पहिल्या वळणाच्या जागी मर्सिडीझ अरेना हा वळणांचा गुंता बांधला आणि लांबी ५.१४८ किमी झाली. म्हणून २००१ चे आणि २००२ नंतरचे लॅप टाइम शेजारी ठेवू नयेत. रुंद डांबर, खडीचे पट्टे, सुटून जायला जागा. ट्रॅक चांगला आहे, पण अशी वळणं जगात इतरत्रही मिळतात.

दुसरा तो नॉर्डश्लायफे, म्हणजे उत्तरेकडचा फेरा. ग्रीन हेल म्हणतात ते यालाच. आयफेलच्या डोंगरात, न्यूर्बुर्ग किल्ल्याभोवती १९२५ साली काम सुरू झालं आणि जून १९२७ मध्ये तिथे पहिल्या शर्यती झाल्या. गाड्यांची पहिली मोठी शर्यत जर्मन चालक रुडोल्फ काराचिओलाने मर्सिडीझमध्ये जिंकली. तेव्हा उत्तरेचा २२.८१० किमीचा फेरा, दक्षिणेचा ७.७४७ किमीचा फेरा आणि दोन्ही जोडून २८.२६५ किमीचा पूर्ण ट्रॅक, अशी रचना होती. दक्षिणेचा फेरा आता उरलेला नाही, तो विसरला तरी चालेल.

आज उरलेला उत्तरेचा फेरा २०.८३२ किमीचा आहे. पणजीहून जुन्या गोव्याला जाऊन परत यावं, साधारण तेवढी एकच लॅप. सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक. गवताची चिंचोळी पट्टी संपली की लगेच लोखंडी गार्डरेल. सत्तरी तालुक्यात पाऊस कोसळत असताना पणजीत ऊन असावं, तसं इथे एकाच लॅपमध्ये घडतं: सुटताना कोरडं डांबर, अर्ध्यावर ओलं. कोरड्याचे, खाचा नसलेले स्लिक टायर लावून निघालेल्याची पंचाईत होते ती इथेच.

आता मुख्य घोळ, लॅप टाइमचा. ‘नॉर्डश्लायफेचा लॅप’ म्हणून जे आकडे फिरतात ते किमान चार वेगवेगळ्या अंतरांचे असतात, आणि अंतर न लिहिता नुसती वेळ लिहिण्याची सवय या विषयाचं सर्वांत जास्त नुकसान करते.

१९७५ मध्ये निकी लाउडाने फॉर्म्युला वन पात्रता फेरीत ६ मिनिटं ५८.६ सेकंद वेळ दिली. १९८३ मध्ये श्टेफान बेलोफने पोर्श ९५६ मध्ये ६ मिनिटं ११.१३ सेकंद दिली. वजाबाकी ४७ सेकंदांची, आणि त्यावरून ‘पोर्श फॉर्म्युला वनपेक्षा ४७ सेकंद वेगवान’ असा निष्कर्ष काढला जातो. पण लाउडाचा फेरा २२.८३५ किमीचा होता. पुढे नवा ग्रां प्री ट्रॅक बांधायला जुने पिट आणि सुरुवातीचा भाग उखडला, एक छोटा जोडरस्ता टाकून फेरा बंद केला, आणि बेलोफला मिळाला २०.८३२ किमी. दोन किलोमीटरच कमी. सरासरी वेग काढा: लाउडा ताशी सुमारे १९६ किमी, बेलोफ सुमारे २०२. फरक आहे तो एवढाच, सुमारे तीन टक्के.

रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांच्या विक्रमांत घोळ आणखी बारीक आहे. कंपन्या वर्षानुवर्षं २०.६ किमीचं अंतर मोजत आल्या. टी १३ नावाच्या ग्रँडस्टँडसमोरच्या सरळ रस्त्याचा तुकडा त्यात धरला जात नसे, म्हणजे घड्याळ सुरू होण्याची आणि थांबण्याची रेषा एक नव्हती. २०१९ पासून अधिकृत वेळ पूर्ण २०.८३२ किमीची धरतात, सुरू तिथेच बंद. राहिलेला तुकडा २३२ मीटरचा, पण वेगात पार होणारा. पोर्श ९११ जीटी २ आरएस, मांथाय कंपनीच्या सुधारणा किटसह, २०२१: जुन्या मोजणीने ६ मिनिटं ३८.८३५ सेकंद, नव्या मोजणीने ६ मिनिटं ४३.३००. गाडी तीच, चालक तोच, लॅपही तीच. मोजण्याच्या रेषेमुळे साडेचार सेकंद, आणि लोक तर अर्ध्या सेकंदावरून भांडतात. तेव्हा रस्त्यावरच्या गाडीचा २०१९ आधीचा आकडा दिसला की तो २०.६ चा समजा आणि नव्याशी ताडताना चार-पाच सेकंद मिळवा. मंद गाडीला थोडे जास्त.

चौथं अंतर पर्यटकांचं. पैसे भरून आपली गाडी नेता येते, पण आत शिरायची आणि बाहेर पडायची जागा ड्योटिंगर ह्योहे या लांब सरळ रस्त्यावर असल्याने पूर्ण वेगात सलग लॅप मिळतच नाही. हौशी मंडळी पुलापासून कमानीपर्यंतचे सुमारे १९.१ किमी मोजतात आणि ती वेळ विक्रमांशेजारी लावतात. तसं करू नका. शिवाय त्या सत्रांत वेळ मोजायला बंदीच आहे.

‘लाउडाच्या अपघातामुळे ट्रॅक बंद झाला’ हेही अर्धंच खरं. १ ऑगस्ट १९७६ ला बेर्गवेर्क वळणाच्या अलीकडे त्याची फेरारी पेटली, पण ती तिथली शेवटची ग्रां प्री असणार हे आधीच ठरत आलं होतं. जवळजवळ तेवीस किलोमीटरवर पुरेसे मार्शल, म्हणजे ट्रॅककडेचे मदतनीस, आणि रुग्णवाहिका कुठून आणणार? फॉर्म्युला वन गेली, ट्रॅक मात्र चालूच राहिला. आजची २४ तासांची शर्यत दोन्ही ट्रॅक जोडून २५.३७८ किमीवर होते. दोन्ही नावं एका वाक्यात बरोबर बसतात ती याच शर्यतीत.

युरोपात नातेवाईक असलेली गोव्यातली बरीच मुलं तिथे जाऊन यायचा बेत करतात, म्हणून व्यवहाराचं थोडं. पर्यटक सत्रात नॉर्डश्लायफे हा कायद्याने एकेरी टोल रस्ता असतो आणि जर्मन वाहतुकीचे नियम लागू राहतात. उजव्या बाजूने चालायचं, ओव्हरटेक फक्त डावीकडून. आपल्या नेमकं उलट, त्यामुळे आरशात वेगवान गाडी दिसली की हात चुकीच्या बाजूला वळतो. उजवा इंडिकेटर द्या, उजवी कड धरा, तिला जाऊ द्या. आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या वाहतूक खात्यातूनच काढून न्या, तो तिथे मिळणार नाही. गार्डरेल वाकवली तर तिचं बिल चालकाच्या नावे येतं. विमानतळावर भाड्याने घेतलेली साधी गाडी तर नेऊच नका: बहुतेक करारांत या ट्रॅकवर विमा चालत नाही. गावातच ट्रॅकसाठी गाड्या भाड्याने देणारे आहेत. सही करण्याआधी अपघात झाल्यास आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार, ती रक्कम करारात शोधून वाचा.