वय अधिक शंभर?

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात आरोग्य शिबिर लागलं की बीपी मोजायच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर येतं: "वय अधिक शंभर, एवढा वरचा चालतोच." म्हणजे सत्तरीच्या आजोबांचा १७० निघाला तरी तो 'वयाच्या मानानं बराबर'. खालचा ७० असला तर मग विचारूच नका, गोळीच बंद! पण साठीनंतर १७०/७० हा आकडा १७०/१०० पेक्षा सौम्य नसतो, हृदयाच्या बाबतीत बऱ्याचदा वाईटच असतो. असं का, ते महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तनळीला विचारायचं.

हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिली रक्त फेकतं, तेही थांबून थांबून. शरीराला मात्र धार अखंड लागते. कापसावर फवारणी करताना पाठीवरच्या पंपाचा दांडा वर-खाली होत असतो, तरी फवारा तुटत नाही, कारण आतल्या कोठीत दाबली गेलेली हवा मधल्या वेळेत द्रावण ढकलत राहते. महाधमनीचं काम नेमकं हेच. ठोका पडला की ती फुगते, निम्म्याच्या आसपास रक्त पोटात ठेवून घेते आणि हृदय विसावलं की आकसून ते पुढं सरकवते. ओटो फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञानं १८९९ मध्ये या फुगण्या-आकसण्याचं गणित मांडलं.

हे जमतं इलॅस्टिन या रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या प्रथिनामुळं. त्याची गंमत अशी की शरीर ते बहुतेक सगळं आईच्या पोटात आणि बालपणी तयार करतं, नंतर कारखाना जवळजवळ बंद. मिळालं तेवढं जन्मभर पुरवायचं. दिवसाला लाखभर ठोके, म्हणजे साठ वर्षांत दोनशे कोटींच्या वर. हळूहळू इलॅस्टिनचे थर तुटतात, जागा कोलॅजन हे ताठ प्रथिन घेतं, मधुमेह असेल तर साखर त्या धाग्यांना आणखी जखडून टाकते. बिडी आणि मीठ आहेतच.

आता ताठ नळीत काय होतं बघा. ती फुगत नाही, म्हणून वरचा दाब चढतो. रक्त साठवत नाही, म्हणून विसाव्याच्या वेळी मागं रेटा उरत नाही आणि खालचा उतरतो. शिवाय प्रत्येक ठोक्याची दाबलहर शरीरभर जाऊन उलटी परतते. तरुण धमनीत तिचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर, म्हणून ती हृदय विसावल्यावर परत येते. ताठ धमनीत वेग दहाच्या वर जातो आणि लहर हृदय अजून आवळलेलं असतानाच येऊन आदळते. हृदयाच्या स्वतःच्या, म्हणजे कोरोनरी धमन्यांना तर रक्त मुख्यतः विसाव्यातच मिळतं. थोडक्यात, हृदयाचे कष्ट वाढले आणि भाकरी घटली.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयरोगाचा अभ्यास चालू आहे. १९७१ मध्ये त्यात मूळ लोकांची मुलं आली, २००२ मध्ये नातवंडं. वरचा दाब म्हातारपणीही चढत राहतो आणि खालचा पन्नाशी-साठीनंतर उतरतो, हे तिथल्याच नोंदींतून ठळक झालं.

आपल्याकडं पिढ्यांचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा. आज ऐंशीच्या पुढं असलेले आजोबा ज्वारीची भाकरी खात, मैलोन्‌मैल चालत जगले, तंबाखूही मळत आले. त्यांच्या मागून येतेय ती बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेली, आयांनी खडी फोडत, सुकडी आणि मिलोवर (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीवर) दिवस काढत पोटात वाढवलेली पिढी. ती आता पन्नाशीपार आहे. मार्टिन आणि ग्रीनवाल्ड यांनी १९९७ मध्ये एक कल्पना मांडली: गर्भात वाढ खुंटली तर इलॅस्टिनचा साठाच कमी पडतो आणि पुढं रक्तदाब वाढतो. ही परिकल्पना आहे, शिक्कामोर्तब नाही. पण पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपली नवजात बाळं वजनानं हलकी असूनही त्या मानानं चरबी राखून असतात हे दाखवलंय, त्याच्याशेजारी ही कल्पना ठेवली की विचारात पडायला होतं. आईच्या पोटात उपासमार आणि चाळिशीत मोटारसायकल, साखरेचा चहा, वाढलेलं पोट असा हा जोड आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा लसूण-लिंबू-आल्याचा 'ब्लॉकेज विरघळवणारा' काढा इथं काही कामाचा नाही. तुटलेलं इलॅस्टिन परत विणणारं औषध ना वैद्याकडं आहे ना कार्डिऑलॉजिस्टकडं. फरक एवढाच, की दुसरा तसा दावा करत नाही.

दाब मात्र उतरवता येतो. १९९१ च्या 'शेप' चाचणीत साठीपुढच्या, फक्त वरचाच दाब वाढलेल्या लोकांना क्लोर्थॅलिडोन ही स्वस्त गोळी देऊन सुरुवात केली आणि पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटले. २००८ च्या 'हायव्हेट' चाचणीत तर सगळे ऐंशीपुढचे होते, तिथंही मृत्यू कमी झाले. म्हाताऱ्या माणसाचं बीपी बसून मोजलं की उभं करून एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायला सांगा. उभं राहिल्यावर दाब फार पडत असेल तर डॉक्टर डोस बदलतील, गोळी आपल्या मनानं सोडायची नाही.