निम्मं, पण कशाचं?

लातूर-धाराशिव पट्ट्यात सोयाबीनची रास झाली की बटईच्या रानात, म्हणजे मालकाचं रान दुसऱ्यानं कसून पीक वाटून घ्यायचं तिथं, एक वाद ठरलेलाच. समजा, ४० कट्टे (पोती) माल निघाला. दहावा हिस्सा मळणीचा, निम्मा मालकाचा, राहील तो बटईदाराचा, असं पेरणीआधी तोंडी ठरलं होतं. (मळणीयंत्रवाला हल्ली रोख पैसेच मागतो, हिशेबापुरता तो धान्य नेतो असं धरू.) मालक म्हणतो, “निम्मे म्हणजे २०.” बटईदार म्हणतो, “मळणीचे ४ आधी काढा की दादा, मग निम्मं करा.” पहिल्या हिशेबात बटईदाराला १६ कट्टे मिळतात, दुसऱ्यात १८.

गुणाकार-भागाकार कुणाचाच चुकलेला नाही. निम्मं कशाचं, एवढंच ठरायचं राहून गेलं होतं.

हेच गणित उलटं घालून बघा. बटईदाराला १८ कट्टे मिळाले, तर रास केवढी? राशीला क्ष म्हणू. उरलेल्याचं निम्मं धरलं, तर बटईदाराकडे क्षचे ९/२० येतात आणि रास ४० कट्ट्यांची ठरते. एकूणाचं निम्मं धरलं, तर २/५ येतात आणि रास ४५ कट्ट्यांवर जाते. वाटणीच्या शाब्दिक उदाहरणांत पोरं अडतात ती बहुधा इथंच. समीकरण सोडवता येतं, पण ‘च्या’ हा प्रत्यय कुणाला चिकटलाय ते पाहिलेलं नसतं.

भास्कराचार्यांना हा फरक चांगला ठाऊक होता. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त त्यांनी दोन्ही तऱ्हांची गणितं घातली आहेत. एकात कमळांची रास आहे: तिचा १/३ शंकराला, १/५ विष्णूला, १/६ सूर्याला, १/४ देवीला वाहिला आणि उरलेली ६ कमळं गुरूच्या पायाशी. इथं सगळे भाग मूळ राशीचेच. दुसऱ्यात एक यात्रेकरू आहे. निम्मं धन त्यानं प्रयागला दिलं, उरल्याचे २/९ काशीला, मग उरल्याचा १/४ वाटेतल्या जकातीत गेला, पुन्हा उरल्याचे ६/१० गयेला. घरी आला तेव्हा गाठीला ६३ निष्क (जुनी नाणी) होते. इथं प्रत्येक पायरीला ‘एकूण’ बदलतं. म्हणून मागून चालत जायचं: ६३ हे ४/१० म्हणजे आधी १५७.५, ते ३/४ म्हणजे २१०, ते ७/९ म्हणजे २७०, आणि ते निम्मं म्हणजे मूळ धन ५४०.

कमळांसाठी त्यांची युक्ती ‘इष्टकर्म’. मनाला येईल ती संख्या धरा. मी ६० धरतो, कारण चारही भाग पूर्णांकात निघतात: २०, १२, १०, १५. बेरीज ५७, उरले ३. उरायला हवेत ६, म्हणजे दुप्पट. कमळं १२०. ना क्ष, ना समीकरण. मला स्वतःला शाळेच्या रीतीपेक्षा हीच जास्त आवडते.

पण ही युक्ती सगळीकडे चालत नाही. तीन भावांत ६० किलो ज्वारी वाटायची आहे. थोरल्याला धाकट्याच्या दुप्पट, मधल्याला धाकट्यापेक्षा ४ किलो जास्त. धाकट्याला १० धरा: १०, १४, २०, बेरीज ४४. आता त्रैराशिक मांडलं तर धाकट्याला साडेतेरा किलोच्या आसपास येतात, आणि ते चूक आहे. वाटे वाढवले की मधल्याचे वरचे ४ सुद्धा वाढतात, पण ते तर ठरीव आहेत. ज्वारी निवडत बसलेली आजी अशा वेळी म्हणेल, “ते चार आधी बाजूला काढ की रे.” काढले. ५६ उरले, वाटे चार, एकेक १४ चा. धाकट्याला १४, मधल्याला १८, थोरल्याला २८.

वहीत ४क्ष + ४ = ६० लिहून दोन्हीकडून ४ वजा करतो, तेव्हा आपण आजीचंच ऐकत असतो. धाकट्याऐवजी थोरल्याला क्ष म्हटलं तरी उत्तर हेच येतं, फक्त अपूर्णांकांची कटकट मागं लागते. म्हणून क्ष हे नाव शक्यतो सगळ्यात लहान वाट्याला द्यावं. भास्कराचार्य बीजगणितात या अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि लिहिताना नुसतं ‘या’. दुसरं अज्ञात आलं की ‘कालक’, तिसरं ‘नीलक’: चक्क रंगांची नावं.