सँटोरिनीला नांगर का पडत नाही?

मावसबहीण ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला जाऊन आली आणि घरच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. एका फोटोत काळ्या-तांबड्या कड्यावर फिरा गावाची पांढरी घरं आणि खाली निळ्याशार पाण्यात पंधरा मजली क्रूझ. सोबत ओळ: 'सँटोरिनीला नांगर टाकून विसावलेलं आमचं जहाज.' त्यावर एका काकांचा खुलासा आला. तिथे ज्वालामुखीचं तोंड आहे, त्याला तळच नाही, नांगर लागणार कुठे?

गंमत अशी, की काकांचा निष्कर्ष बरोबर आणि कारण साफ चूक. फोटो मोठा करून पाहिला, तर जहाजाच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, साखळी नव्हतीच.

तळ आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 च्या आसपास इथे प्रचंड उद्रेक झाला. जमिनीखालचं शिलारसाचं कोठार रिकामं झालं, वरचं छत कोसळलं आणि त्या खड्ड्यात समुद्र आहे. कडा पाण्यावर तीनशे मीटरपर्यंत उंच आहे, आणि पाण्याखालीही तो तसाच उतरत जातो. तळ कुठे तीनशे, तर कुठे जवळजवळ चारशे मीटरवर. एप्रिल 2007 मध्ये 'सी डायमंड' हे प्रवासी जहाज इथे किनाऱ्यालगतच खडकावर आपटून बुडालं. त्याचा सांगाडा त्याच उतारावर पडून आहे.

(हेच बुडालेलं अटलांटिस, असंही सांगितलं जातं. प्लेटोच्या गोष्टीतलं बेट शोधायला लोक आले, आणि खरं अक्रोतिरी गाव मात्र राखेखाली होतं. 1967 पासून ते खणून काढलं जातंय. दंतकथेच्या दिमतीला पुरातत्त्व राबवायची खोड फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.)

मग चारशे मीटर साखळी सोडायला काय हरकत आहे? इथे माझा आवडता भाग येतो.

नांगर आपल्या वजनाने जहाज धरून ठेवतो, असं बहुतेकांना वाटतं. पण जहाज लाखभर टनांचं आणि नांगर दहा-पंधरा टनांचा, तो काय धरणार! मराठीत शेतातला आणि समुद्रातला, दोन्ही नांगरच. आणि दोघांचं काम एकच, जमिनीत रुतणं. बैलांची ओढ जमिनीलगत असेल तोवर फाळ मातीत राहतो. दोर आखूड करून ओढ वर नेली, की फाळ उथळ होत बाहेर येतो. जहाजाचा नांगरही आडवा ओढला की आणखी रुततो, उभा ओढला की उपटून येतो. कोकणात हर्णैला एका तांडेलाला पाहिलं होतं: पाणी जेमतेम पाच वाव (वाव म्हणजे साधारण सहा फूट), तरी दोर पंचवीस वाव सोडलेला. वारा वाढला तसा तो ओरडला, "अजून सोड!"

ओढ आडवी ठेवायची, तर साखळीचा शेवटचा भाग तळावर लोळलाच पाहिजे. वरचा भाग वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखा झोळ घेतो. या वक्राला कॅटेनरी म्हणतात. समजा वारा जहाजाला 30 टनांच्या जोराने ढकलतोय आणि पाण्यात साखळीचं वजन मीटरला 150 किलो आहे. 30,000 भागिले 150, म्हणजे 200 मीटर. आता तळावरून उचलली जाणारी साखळी किती? खोलीला 'खोली अधिक या 200 ची दुप्पट' याने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. खोली 50 मीटर असेल, तर 50 गुणिले 450, वर्गमूळ 150 मीटर. खोली 300 असेल, तर 300 गुणिले 700, वर्गमूळ सुमारे 458. एका नांगरामागे साखळी असते साधारण तीनशे ते चारशे मीटर. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा चांगलाच झोडपतो. जमलं समजा, तरी एवढी लोंबती साखळी परत वर ओढायची कशी? जहाजावरचं नांगर उचलायचं यंत्र साधारण ऐंशी ते शंभर मीटर खोलीच्या हिशेबाने बनवलेलं असतं.

म्हणून इथे बरीच जहाजं इंजिनांच्या जोरावरच उभी राहतात. उपग्रहाकडून जागा कळते, दोन-चार मीटर सरकलं की संगणक पुढच्या-मागच्या पंख्यांना हुकूम देतो आणि जहाज परत जागेवर. प्रवासी छोट्या बोटींतून जुन्या बंदरावर उतरतात आणि रोपवे, खेचर किंवा जवळजवळ सहाशे पायऱ्या यांपैकी काहीतरी निवडतात. बेटाची वस्ती साडेपंधरा हजार. क्रूझच्या प्रवाशांवर दिवसाला 8,000 ची मर्यादा आहे आणि जुलै 2025 पासून ऐन हंगामात माणशी 20 युरो आकार आहे. 'उभ्या' जहाजाच्या धुराचा हिशेब त्या 8,000 च्या आकड्यात दिसत नाही.

बहिणीला फोन करून विचारलं, जहाज विसावलं तेव्हा केबिनमधली इंजिनाची घरघर थांबली होती का?

"छे रे," ती म्हणाली, "टेबलावरच्या ग्लासातलं पाणी दिवसभर थरथरत होतं."